ताळा न जुळलेला हिशेब : व्हिक्टर हेस

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र थोडक्यात लिहून द्यावे, असा समितीचा निरोप आला. शिवाजी महाराज, सावित्रीबाई, लोकमान्य, बाबासाहेब यांच्यावर अधिकाराने लिहिणारी मंडळी आपल्या सोसायटीत आहेत. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि नंतरचे सगळे आयुष्य बँकेत काढले. तेव्हा माझे विज्ञान आणि माझी बँक या दोन्हींना जवळचा वाटेल असा माणूस मी निवडला आहे. त्यांचे नाव व्हिक्टर हेस. कॉलेजच्या पुस्तकात त्यांच्यावर जेमतेम दोन ओळी असत. निवृत्तीनंतर त्यांच्याविषयी वाचत गेलो, तसतसे लक्षात आले की दोन ओळींत मावणारा हा माणूस नव्हे.

आधी बँकेची एक गोष्ट सांगतो, कारण हेस यांचे काम समजायला ती उपयोगी पडेल. कॉम्प्युटर येण्यापूर्वी सगळी लेजरं हाताने लिहिली जात. महिनाअखेर बॅलन्सिंगला बसलो की कधीकधी चार-आठ आण्यांचा फरक यायचा. नवीन क्लार्कला वाटायचं, एवढ्याशासाठी रात्रीचे दहा कशाला वाजवायचे? टाकून द्या सस्पेन्स खात्यात. पण जुने हेडक्लार्क ऐकायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं की फरक छोटा दिसतो म्हणून चूक छोटी असते असं नाही. दोन मोठ्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि वर फक्त आठ आणे दिसतात. म्हणून छोटा फरकसुद्धा शोधून काढायचा.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भौतिकशास्त्राच्या वहीत असाच एक छोटा फरक येत होता.

विद्युतदर्शी नावाचे एक साधे उपकरण शाळेत आपण सगळ्यांनी पाहिले आहे. बरणीत सोन्याच्या वर्खाच्या दोन पातळ पट्ट्या टांगलेल्या असतात. त्यांना विद्युतभार दिला की त्या एकमेकींपासून दूर सरकतात. भार टिकून असेपर्यंत त्या तशाच राहायला हव्यात, पण त्या राहत नाहीत. बरणी कितीही घट्ट बंद करा, पट्ट्या हळूहळू मिटतात. म्हणजे भार कुठेतरी गळतो. १८९६ साली बेकरेल यांनी किरणोत्सर्गाचा शोध लावला आणि या गळतीचे कारण मिळाल्यासारखे वाटले. जमिनीतल्या खडकांत आणि मातीत किरणोत्सारी द्रव्ये असतात. त्यांचे किरण बरणीतल्या हवेचे आयन बनवतात आणि त्या वाटेने भार निघून जातो. पण उपकरणाभोवती शिशाची जाड भिंत उभी केली तरी गळती कमी व्हायची, थांबायची मात्र नाही. स्कॉटिश शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १९०१ साली ते उपकरण रात्रीच्या वेळी स्कॉटलंडमधल्या एका रेल्वेच्या बोगद्यात नेऊन पाहिले. आकाशातून काही येत असेल तर डोंगराखाली ते अडेल, असा त्यांचा विचार होता. पण फरक पडला नाही आणि त्यांनी तो विचार सोडून दिला. जमीनच याला कारणीभूत आहे, असे बहुतेकांनी ठरवून टाकले. म्हणजे रक्कम सस्पेन्स खात्यात गेली म्हणायची!

जमीन कारण असेल तर तपासायची सोपी रीत होती. जमिनीपासून लांब जायचे, म्हणजे वर जायचे. थिओडोर वुल्फ नावाचे एक जेझुइट धर्मगुरू होते, ते भौतिकशास्त्रही शिकवत. त्यांनी सोन्याच्या पट्ट्यांऐवजी दोन बारीक तंतू वापरून एक मजबूत, प्रवासात नेता येण्याजोगे विद्युतमापक बनवले. १९१० साली ते त्यांनी पॅरिसच्या आयफेल टॉवरवर नेले. तीनशे मीटर उंचीवर किरण जवळजवळ नाहीसे व्हायला हवे होते. ते कमी झाले, पण अपेक्षेइतके नाहीत. स्वित्झर्लंडचे गॉकेल यांनीही बलूनमधून वर जाऊन पाहिले, त्यांनाही अपेक्षित घट दिसली नाही. सगळ्यांची आकडेमोड अर्ध्यावर येऊन थांबत होती.

आता आपल्या चरित्रनायकाकडे वळू. व्हिक्टर फ्रान्झ हेस यांचा जन्म २४ जून १८८३ रोजी ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात, व्हाल्डश्टाइन नावाच्या गढीत झाला. गढी म्हटल्यावर सरदार घराणे समजू नका. वडील एका संस्थानिकाच्या पदरी वनाधिकारी होते, म्हणजे तेही नोकरदारच. मुलाचे शिक्षण जवळच्या ग्राट्स शहरात झाले आणि डॉक्टरेटही तिथल्याच विद्यापीठात मिळाली. पुढे बर्लिनला जाऊन पॉल द्रूद या नामवंत प्राध्यापकांकडे प्रकाशशास्त्राचा अभ्यास करायचा, असे त्यांनी ठरवले होते. पण १९०६ साली, निघण्याच्या सुमारासच, द्रूद यांनी आत्महत्या केली. ठरवलेला मार्ग एका दिवसात बंद झाला. हेस व्हिएन्नाला गेले. तिथे किरणोत्सर्गाच्या नव्या विषयाशी त्यांचा परिचय झाला आणि १९१० साली सुरू झालेल्या रेडियम संशोधन संस्थेत ते सहायक म्हणून लागले. प्रकाश राहिला बाजूला आणि रेडियम गळ्यात पडले. आपल्यापैकी कितीजणांना मनातली पहिली नोकरी मिळाली? पण जी मिळाली ती त्यांनी मन लावून केली.

हेस यांचे वैशिष्ट्य मला त्यांच्या धाडसापेक्षा त्यांच्या तयारीत दिसते. बलूनमध्ये पाय ठेवण्याआधी त्यांनी दोन कामे केली. संस्थेकडे असलेला रेडियमचा जोरदार नमुना घेऊन, त्याचे किरण हवेत किती अंतरावर किती क्षीण होतात हे त्यांनी मोजले. त्यावरून हिशेब निघाला की जमिनीतून येणारे किरण ५०० मीटरवर जवळजवळ संपलेच पाहिजेत. दुसरे काम उपकरणांचे. वर गेल्यावर हवेचा दाब आणि तापमान बदलते, त्यामुळे पातळ पेटीतली हवा विरळ होऊन आकडे फसवे येऊ शकतात. म्हणून त्यांनी जाड भिंतीची, हवाबंद उपकरणे तयार करून घेतली. एकाच्या भरवशावर न राहता ते शक्यतो दोन-तीन उपकरणे बरोबर नेत. एकाच व्यवहाराची नोंद दोन स्वतंत्र रजिस्टरांत ठेवून शेवटी दोन्ही ताडून बघावीत, तसंच हे.

१९११ साली त्यांनी दोन उड्डाणे केली. हजार मीटरपर्यंत किरण कमी झाले नाहीत. मग व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीने मदत दिली आणि १९१२ साली त्यांनी सात उड्डाणे केली. पहिले उड्डाण १७ एप्रिलला, मुद्दाम सूर्यग्रहणाच्या दिवशी होते. जे काही वरून येते ते सूर्याकडून येत असेल तर चंद्र आड आल्यावर कमी झाले पाहिजे. ते कमी झाले नाही. रात्रीच्या उड्डाणांतही दिवसाइतकेच आकडे आले. म्हणजे सूर्य हा मुख्य उगम नव्हे. पण व्हिएन्नात बलूनमध्ये दिवाबत्तीचा गॅस भरत. त्याने फार उंच जाता येत नसे. उंची गाठायची तर हायड्रोजन हवा होता. तो बोहेमियातल्या आउसिग गावी मिळाला. ते गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे.

७ ऑगस्ट १९१२. सकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी ‘ब्योमेन’ नावाचे बलून आउसिगहून सुटले. खाली टांगलेल्या टोपलीत तिघेजण होते. बलून चालवणारे एक लष्करी अधिकारी, हवेची निरीक्षणे घेणारे एक सहकारी आणि २९ वर्षांचे हेस. टोपली उघडी होती. त्यांचे काम काय, तर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दोन तंतूंमधले अंतर वाचायचे, वेळ लिहायची, पुन्हा वाचायचे, पुन्हा लिहायचे. एकेका उपकरणाचे, न कंटाळता, तासन् तास. साडेचार तासांनी, पावणेअकराच्या सुमारास, बलून ५३५० मीटरवर पोचले. तिथे हवा जमिनीवरच्या जवळजवळ निम्मी असते. प्राणवायू बरोबर असूनही हेस यांना इतका थकवा आला की त्यांनी आणखी वर न जाता उतरायला सांगितले. बलून वाऱ्याबरोबर उत्तरेकडे वाहत गेले आणि दुपारी सव्वाबाराला बर्लिनच्या पूर्वेला पीस्को गावाजवळ टेकले. सकाळी निघाले एका देशातून, जेवायच्या वेळी दुसऱ्या देशात!

पण खरी कमाई वहीत होती. जमिनीपासून वर जाताना आकडे आधी किंचित कमी झाले. म्हणजे जमिनीचा वाटा होता, तो तसा दिसला. हजार मीटरच्या पुढे ते पुन्हा वाढू लागले आणि चार-पाच हजार मीटरवर जमिनीवरच्या दुपटीहून अधिक झाले. दोन्ही हवाबंद उपकरणे एकच सांगत होती. जसजसे वर जावे तसतसे किरण वाढत असतील तर ते खालून येत नाहीत, वरून येतात. सूर्याकडूनही नाही, तर त्याच्याही पलीकडून. आठ आण्यांचा फरक शोधता शोधता हेस विश्वाच्या दारात जाऊन पोचले.

न्यायाने एक नाव इथे घेतले पाहिजे. इटलीच्या पाचिनी यांनी १९११ साली उपकरण समुद्राच्या पाण्याखाली तीन मीटर बुडवून पाहिले होते आणि तिथे किरण कमी होतात हे दाखवले होते. पाणी वरून येणारे काही अडवते, असा त्याचा अर्थ. तेही याच निष्कर्षाकडे चालले होते. १९३४ साली ते वारले आणि मानसन्मानाच्या वेळी हयात नव्हते.

हेस यांचे तरी लगेच कौतुक झाले का? अजिबात नाही. उपकरणातच काही बिघाड असेल, असे पुष्कळांचे मत पडले. जर्मनीच्या कोलहोर्स्टर यांनी ९३०० मीटरपर्यंत जाऊन हेस यांचे म्हणणे खरे असल्याचे दाखवले, तो दिवस २८ जून १९१४. त्याच दिवशी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजांचा खून झाला आणि महिन्याभरात महायुद्ध पेटले. मग किरणांकडे कोण बघतो? युद्धानंतर अमेरिकेचे मोठे शास्त्रज्ञ मिलिकन यांनी या किरणांवर आधी शंका घेतली. पुढे १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या डोंगरातल्या तळ्यांत उपकरणे बुडवून त्यांची खात्री पटली आणि त्यांनीच ‘कॉस्मिक रेज’ हे नाव रूढ केले. आपण त्यांना विश्वकिरण म्हणतो. अमेरिकन वर्तमानपत्रांनी तर त्यांना मिलिकन किरण म्हणायला सुरुवात केली. ज्यांनी टोपलीत बसून थकेपर्यंत आकडे लिहिले त्यांचे नाव बाजूलाच पडले. नोकरीत ज्यांच्या कामावर दुसऱ्याची सही झाली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. हेस गप्प बसले नाहीत. त्यांनी आपली जुनी निरीक्षणे तारखांसह पुढे ठेवली. कागद नीट ठेवलेला असला की आवाज चढवावा लागत नाही.

१९३६ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. उड्डाणाला तोवर २४ वर्षे झाली होती. निम्मा वाटा कार्ल अँडरसन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाला मिळाला. त्यांनी पॉझिट्रॉन हा नवा कण शोधला होता आणि तोही विश्वकिरणांतच सापडला होता.

मधल्या काळात हेस यांचे आयुष्य बरेच पुढे गेले होते. १९२० साली बेर्टा यांच्याशी विवाह झाला. दोन वर्षे अमेरिकेत एका रेडियम कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद सांभाळून ते परत ग्राट्सला आले. १९३१ साली इन्सब्रुकला गेल्यावर तिथल्या हाफेलेकार शिखराजवळ, २३०० मीटर उंचीवर, त्यांनी विश्वकिरणांच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले. पण रेडियमने आपले देणे वसूल केले. वर्षानुवर्षे हाताळल्यामुळे हाताला जखमा झाल्या आणि १९३४ साली डाव्या हाताचा अंगठा काढावा लागला. त्याच सुमारास घशाचीही शस्त्रक्रिया झाली. नोबेल घ्यायला गेले तो हात असा होता.

आणि मग मार्च १९३८. हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. हेस कॅथलिक होते, पण पत्नी ज्यू वंशाच्या होत्या. शिवाय नव्या राजवटीपुढे मान तुकवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांना अटक झाली, सुटकेनंतर प्राध्यापकपद गेले. बँकवाल्याला विशेष लागणारी गोष्ट अशी की स्वीडनमध्ये ठेवलेली नोबेलची रक्कमही त्यांना सोडावी लागली. तिच्या बदल्यात हातात जर्मन सरकारचे रोखे ठेवले गेले. जन्मभराच्या कामाचे बक्षीस होते ते, आणि त्याची झाली रद्दी. पुढे आणखी वाईट होणार असल्याचा इशारा वेळीच मिळाला आणि पती-पत्नी स्वित्झर्लंडमार्गे अमेरिकेला निघून गेले. पत्नीशी फारकत घेऊन खुर्ची टिकवणारे लोक त्या काळात होते. हेस यांनी खुर्ची सोडली. माझ्या मते त्यांच्या चरित्रातली ही उंची ५३५० मीटरपेक्षा कमी नाही.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, परक्या भाषेत, त्यांनी न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात पुन्हा शिकवायला सुरुवात केली. १९४४ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले. हिरोशिमानंतर अणुस्फोटाची किरणोत्सारी धूळ अमेरिकेपर्यंत आली आहे का, हे तपासायचे काम १९४६ साली त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या मनोऱ्यावर मोजमापे घेतली. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या एका खोल भुयारी रेल्वे स्टेशनात गेले, ग्रॅनाइट खडकातून किती किरणोत्सर्ग होतो ते मोजायला. तरुणपणी आकाशात, म्हातारपणी जमिनीखाली, काम तेच. रेडियमची किंमत स्वतःच्या शरीराने मोजलेली असल्यामुळे अणुचाचण्यांना त्यांचा विरोध होता. १९५५ साली बेर्टा कर्करोगाने गेल्या. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या एलिझाबेथ यांच्याशी हेस यांनी पुढे विवाह केला. १७ डिसेंबर १९६४ रोजी माउंट व्हर्नन येथे त्यांचे निधन झाले.

आता कोणी विचारेल, काका, या किरणांचा आपल्याला काय उपयोग? किरण म्हणतात खरे, पण ते आहेत अतिवेगवान कण. दहातले नऊ प्रोटॉन, बाकीचे बहुतेक हेलियमचे अणुकेंद्रक आणि थोडे जड मूलद्रव्यांचे. ते हवेवर आदळले की त्यांचे तुकडे होतात आणि त्यांतले म्युऑन नावाचे कण जमिनीपर्यंत येतात. आपल्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन पार जातो. गच्चीचा स्लॅबही तो अडवत नाही, वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर बिनपरवानगी जातो! याच किरणांमुळे हवेत कार्बन-१४ तयार होतो आणि त्याच्या आधारे इनामगावसारख्या उत्खननातल्या कोळशाचे वय काढता येते.

हेस यांनी किरण आहेत एवढे सांगितले. ते किती वर्षे प्रवास करून आले, हे आज बलूनमधूनच मोजतात. त्यासाठी समस्थानिक ओळखावे लागतात, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड भाऊ. उदाहरणार्थ बेरिलियम. कार्बन-ऑक्सिजनचे कण वाटेतल्या विरळ वायूवर आपटून फुटतात तेव्हा ते तयार होते. त्यातले बेरिलियम-९ टिकते, तर बेरिलियम-१० सुमारे १४ लाख वर्षांत निम्मे होते. व्याजदर आणि शिल्लक माहीत असली की ठेव कधी ठेवली ते काढता येते, तसा हा उलटा हिशेब. दोघांचे प्रमाण मोजले की कळते, हे कण आपल्या आकाशगंगेत सुमारे दीड कोटी वर्षे भटकत असतात. पण नऊ आणि दहा वजनाचे कण वेगळे ओळखायचे कसे? बलूनमध्ये शक्तिशाली चुंबक नेतात. त्यात कण किती वळतो आणि त्याचा वेग किती, यावरून वजन निघते. जमिनीवर हे जमत नाही, कारण मूळ कण हवेत फुटून गेलेला असतो. म्हणून तीस-चाळीस किलोमीटर वर जावे लागते. १९९८ साली कॅनडातून ‘आयसोमॅक्स’ आणि २०२४ साली स्वीडनमधून ‘हेलिक्स’ ही उपकरणे अशीच वर गेली. त्यांत माणूस नसतो, प्राणवायूही लागत नाही.

आपल्याकडे हा विषय रुजवला तो डॉ. होमी भाभा यांनी. बंगळुरूला असताना त्यांनी विश्वकिरणांच्या संशोधनाचे युनिट उभे केले आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. त्या संस्थेचे बलून केंद्र हैदराबादला आहे. तिथून आकाशात जाणाऱ्या प्रत्येक बलूनच्या दोरीला आउसिगच्या त्या सकाळचे एक टोक बांधलेले आहे.

सोसायटीतल्या मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते. हेस यांच्याकडे अचाट बुद्धीची जादू नव्हती. फरक दिसला तर तो लपवायचा नाही, उपकरण आधी तपासायचे, एकच गोष्ट दोनदा मोजायची, तारीख घालून लिहून ठेवायचे आणि घरच्या माणसाची साथ सोडायची नाही, एवढेच त्यांनी केले. हे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे, आणि तरी फार थोडे लोक करतात.